कॅप्सूलचं कॉफी मशीन घेताय? आधी हे वाचा, मग ठरवा

दिवाळी जवळ आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हा प्रश्न येतोच, यावेळी मावसभावाने विचारला, "ताई ते कॅप्सूलवालं मशीन घेऊ का, बटण दाबलं की कॉफी तयार, सकाळी अजिबात वेळ नसतो गं." त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितेय. मी पुण्यात राहते, घरात कॉफी पिणारे आम्ही तिघं आणि तिघांच्या तीन तऱ्हा, सासूबाईंना जायफळ घातलेली दाट गोड दुधाची, नवऱ्याला दुधाची पण कडक आणि मला बिनदुधाची. कॅप्सूलचं मशीन आमच्याकडे दोन वर्षं होतं, फिल्टर आणि फ्रेंच प्रेस (जाळीचा दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं) अजूनही रोज चालू आहेत, त्यामुळे दोन्हीकडचं बोलू शकते.

आधी हिशोब बघा, कारण दुकानात तो कुणी सांगत नाही. कॅप्सूल म्हणजे दळलेली कॉफी भरून बंद केलेली एका कपापुरती डबी. नेस्प्रेसो कंपनीच्या ओरिजिनल पद्धतीच्या छोट्या कॅप्सूलमधे साधारण ५ ते ६ ग्रॅम कॉफी असते. म्हणजे एक किलो कॉफी व्हायला जवळपास १८० कॅप्सूल लागतात. तुम्हाला कॅप्सूल कितीला पडते ती किंमत घ्या आणि १८० ने गुणा. समजा एक ७० रुपयाला पडली तर किलोचा भाव झाला १२,६०० रुपये. तेच चांगल्या ताज्या भाजलेल्या बियांचं पाव किलोचं पाकीट समजा ५०० ला मिळालं तर किलो २,००० ला पडली. मशीनची किंमत एकदाच जाते हो, पण हा फरक रोज सकाळी जातो आणि घरात तीन कप लागत असले तर तिप्पट जातो.

चवीबद्दल मात्र कॅप्सूलवर उगाच अन्याय नको. लोक सरसकट म्हणतात कॅप्सूलमधली कॉफी शिळी असते, तसं नसतं. ती दळून लगेच बंद करतात, आत हवेऐवजी नायट्रोजन भरतात म्हणून महिनोन्महिने बऱ्यापैकी टिकते. खरी अडचण वेगळीच आहे, माप ठरलेलं, दळण ठरलेलं, तुमच्या हातात फक्त बटण. आणि आपल्याकडे कॉफी म्हणजे कपभर दूध. त्या ५-६ ग्रॅममधून निघतो ४० मिलीचा छोटा शॉट, तो आपल्या १५० मिली दुधात टाकला की कॉफीचा नुसता रंग येतो, मग लोक दोन कॅप्सूल घालतात आणि वरचा हिशोब दुप्पट होतो. सासूबाईंनी तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं, "हिच्यात कॉफी घातलीयेस ना गं?"

तरी काही घरांत मी स्वतःहून सांगेन की मशीनच घ्या. माझ्या ओळखीच्या एक काकू एकट्या राहतात, बोटांत संधिवात आहे, हाताने ग्राइंडर फिरवणं किंवा उकळतं पाणी ओतणं त्यांना धोक्याचंच आहे, त्यांना मशीन म्हणजे खरंच मोठी सोय आहे, कप ठेवला बटण दाबलं झालं. किंवा दिवसातून एकच छोटी काळी कॉफी पिणारा माणूस. किंवा चार माणसांचं ऑफिस, जिथे फ्रेंच प्रेस धुवायला कुणीच तयार होत नाही. पण घरात दोन-तीन जण असतील, दुधाची कॉफी पीत असाल आणि फक्त "सकाळी वेळ नाही" म्हणून मशीन घेणार असाल तर थांबा, त्यावर आपल्याकडे कधीपासूनचा उपाय आहे, तो खाली सांगते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना "येताना मशीन घेऊन या" असं मात्र कृपा करून सांगू नका. तिकडच्या बऱ्याच घरांत क्युरिग कंपनीचं पॉडचं मशीन असतं, ते १२० व्होल्टवर चालतं आणि पाणी तापवताना १,५०० वॉटच्या आसपास खेचतं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावलं तर जळणार, आणि ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो इतका मोठा आणि जड लागतो की ओट्यावर मशीनपेक्षा त्याचीच जागा जास्त. शिवाय त्याच्या के-कप पॉड आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. नेस्प्रेसोमधेसुद्धा दोन वेगळ्या जाती आहेत, ओरिजिनल आणि व्हर्चुओ, एकीच्या कॅप्सूल दुसरीत बसत नाहीत. ओरिजिनलला चालणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या, अगदी भारतीय कंपन्यांच्याही कॅप्सूल मिळतात, व्हर्चुओ कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचून चालतं त्यामुळे तिथे तुम्ही बऱ्यापैकी एकाच कंपनीला बांधले जाता. घेणारच असाल तर हे आधी विचारून घ्या.

मशीन घरात आलेलंच असेल तर ते नीट वापरा. पहिली कॉफी काढायच्या आधी कॅप्सूल न घालता नुसतं गरम पाणी कपात सोडा, मशीनही तापतं कपही तापतो, नाहीतर पहिला कप हमखास कोमट. दुधाची हवी तर लहान कपाचं बटण दाबा आणि दूध ८० ते १०० मिलीच्या वर नको. एकाच कॅप्सूलमधून दोनदा पाणी काढू नका, दुसऱ्या वेळी निघतो तो नुसता कडवटपणा. आणि क्षाराकडे लक्ष द्या. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी येतं, किटलीच्या तळाला आठवड्यात पांढरा थर बसतो, तोच मशीनच्या आतल्या बारीक नळीत बसतो. आमचं मशीन त्यानेच गेलं, दुरुस्तीचा खर्च ऐकून आम्ही नाद सोडला. पुस्तिकेत लिहिलंय त्या मुदतीत डिस्केलिंग करा, म्हणजे आतला क्षार काढा, व्हिनेगर ओतायच्या आधी त्या कंपनीने चालतं म्हटलंय का ते बघा, बऱ्याच कंपन्या नको म्हणतात कारण आतल्या रबराला त्रास होतो.

कचऱ्याचं मला मनापासून वाईट वाटायचं. ॲल्युमिनियमची कॅप्सूल वितळवून पुन्हा वापरता येते, पण आत ओला चोथा चिकटलेला असतो, म्हणजे ती ना ओल्या कचऱ्यात जाते ना सुक्यात. मी सुरीने एकेक फोडून चोथा कुंडीत आणि डबी धुवून सुक्या कचऱ्यात असं करत होते, आणि मग ती वाचलेली पाच मिनिटं तिथेच जायची. जर्मनीत हँबर्ग शहराने २०१६ साली सरकारी पैशातून अशा कॅप्सूल घ्यायच्याच नाहीत असं ठरवलं ते याच कारणाने.

आता ताज्या दळलेल्या कॉफीकडे येते. मशीनसाठी जे पैसे बाजूला काढलेत त्यातले निम्मे ग्राइंडरवर घाला, हे मी सगळ्यांना अगदी आग्रहाने सांगते. कॉफी भाजल्यावर बीच्या आत वास आणि कार्बन डायऑक्साइड कोंडलेले असतात, दळलं की ते सुटतात, स्वयंपाकघरभर जो वास दरवळतो ना तो कपातून निघून चाललेला असतो. अख्खी बी कित्येक आठवडे छान राहते, दळलेली काही मिनिटांत उतरायला लागते. आपण मिरीची पूड ऐनवेळी कुटतो, वेलची ऐनवेळी सोलतो, तसंच आहे हे.

ग्राइंडर घेताना पात्याचा नको, बरचा घ्या, म्हणजे दोन दातेरी भागांमधे बी चिरडली जाते, आपल्या जात्यासारखी. अंतर कमीजास्त केलं की दळण भरड किंवा बारीक होतं आणि मुख्य म्हणजे सगळे कण साधारण सारखे येतात. हाताने फिरवायचा बर ग्राइंडर घरच्या तीन कपांना पुरतो, दीड-दोन मिनिटं फिरवावा लागतो. लगेच घ्यायचा नसेल तर मिक्सरही चालेल, चटणीचं छोटं भांडं घ्या, त्यात आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाका म्हणजे जिऱ्याचा नि लसणाचा वास जाईल, मग बिया घालून दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि मधेमधे भांडं हलवा. सलग फिरवू नका, भांडं तापतं आणि कॉफीही तापते. फ्रेंच प्रेससाठी दळत असाल तर मैद्याच्या चाळणीने खालची भुकटी चाळून काढा, कप बराच स्वच्छ लागतो.

किती बारीक? रव्यावरून सांगते म्हणजे चटकन कळेल. मोका पॉटला (गॅसवर ठेवायचं इटालियन भांडं, पुढे सांगते) आणि आपल्या साउथ इंडियन फिल्टरला बारीक रव्याच्याही जरा खाली, चिमटीत कण जाणवतील एवढं. कागदी फिल्टरला जाड रवा. फ्रेंच प्रेसला इडली रवा किंवा त्याहून थोडं भरड. कॉफी आंबट आणि पातळ लागली तर पुढच्या वेळी थोडं बारीक दळा, कडू आणि घशाला ओढणारी लागली तर भरड दळा, एका वेळी एवढी एकच गोष्ट बदला. चवीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

बिया घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा, बेस्ट बिफोर नव्हे, भाजल्याची. भाजून पाच-सात दिवस झालेली घ्या आणि महिना-दीड महिन्यात संपवा, एकदम किलोभर आणून ठेवू नका. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते, चिकमगळूर आणि कोडगूची नावं पाकिटावर दिसतीलच, आंध्रातली अराकूचीही छान असते, आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही कॉफीचे मळे आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दूध घालून पिणार असाल तर महागडी हलकी भाजलेली अरेबिका घेऊ नका, तिचा फुलाफळांचा नाजूक वास दुधात बुडून जातो. मध्यम ते गडद भाजलेली घ्या, थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी कडक जात, मिसळलेली असेल तर अजून बरं, रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं आणि दुधातही ती मागे हटत नाही. चिकोरीला लोक भेसळ समजतात, ते एका झुडपाचं भाजलेलं मूळ असतं, त्यात कॅफिन नसतं, दाटपणा आणि रंग येतो. ८० कॉफी-२० चिकोरी इथपर्यंत मला आवडते, चिकोरी त्याच्या वर गेली की कॉफी मागे पडते. मुंबईत असाल तर माटुंग्याला जुन्या दुकानांत अजून समोर दळून देतात, मला तर त्या गल्लीत नुसतं उभं राहायलाही आवडतं, फक्त दुकानदाराला कशात करणार ते सांगा, नाहीतर तो फिल्टरचंच दळण देईल.

ठेवायची हवाबंद डब्यात, उन्हापासून आणि गॅसपासून लांब. फ्रीजमधे नको, कोथिंबीर-कांद्याचा वास घेते आणि दर वेळी बाहेर काढली की दमटपणा धरते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर डबा सताड उघडा ठेवून पाणी उकळायला जाऊच नका.

आता तो सकाळच्या घाईवरचा उपाय. साउथ इंडियन फिल्टर, स्टीलचा, दोन डबे एकावर एक, वरच्याला तळाशी बारीक भोकं. रात्री जेवणं झाली की वरच्या डब्यात २५ ग्रॅम दळलेली कॉफी घाला, साधारण दहा-बारा चहाचे चमचे सपाट भरून होते, पण शक्य असेल तर एकदा वजनकाट्यावर मोजा आणि चमचा लक्षात ठेवा. हलकेच सपाट करा, दाबून ठासू नका, वर ती छत्रीसारखी चकती ठेवा. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा (पुण्यात उंचीमुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे इथे फार थांबायची गरज नाही). आधी तीन-चार चमचे पाणी गोल फिरवत टाका, कॉफी फुगेल, बुडबुडे येतील, म्हणजे ती ताजी आहे. अर्ध्या मिनिटाने उरलेलं ओता, एकूण १५० मिली. झाकण ठेवा आणि झोपायला जा. सकाळी खाली १०० मिलीच्या आसपास काळंभोर डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तयार, एवढ्यात तीन कप होतात. दूध तापवायचं, ३०-३५ मिली डिकॉक्शन कपात, वर दूध, संपलं. मोजून बघितलंय मी, मशीन तापून कॅप्सूल घालून कॉफी निघेपर्यंत जेवढा वेळ जातो त्याच्या आतबाहेरच आहे हे, तीन कप एकदम होतात आणि रात्रीचं काम चार मिनिटांचं. उरलेलं डिकॉक्शन झाकून फ्रीजमधे दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, पण डिकॉक्शन कधी उकळू नका, गरम दूधच त्याला तापवतं. थेंब पडायचे थांबले तर दळण फार बारीक झालंय किंवा भोकं बुजलीत, रिकामा वरचा डबा गॅसवर मिनिटभर धरला की अडकलेली भुकटी जळून जाते, मग धुवा.

बिनदुधाची पिणाऱ्यांनी फ्रेंच प्रेस घ्या, यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. ३० ग्रॅम भरड कॉफी, ४५० मिली पाणी, चार मिनिटं. मग वरचा साय आल्यासारखा थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका, अजून चार-पाच मिनिटं थांबा म्हणजे गाळ खाली बसेल, दांडा अगदी तळापर्यंत दाबू नका, वरच्या वर गाळून ओता. थांबायचं जिवावर येतं पण त्या चार मिनिटांनीच कप बदलतो. कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर मात्र रोज फ्रेंच प्रेस नको, कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि कागदी फिल्टरमधे ते बरंचसं अडकतं, अशांनी कागदी फिल्टरच वापरा, १५ ग्रॅमला २२५-२४० मिली, तीन मिनिटांत बारीक धारेने.

मोका पॉट, म्हणजे इटलीचं ते १९३३ सालापासूनचं अष्टकोनी भांडं, दुधाच्या कडक कॉफीला मस्त आणि नवऱ्याचं आवडतं. खाली गरमच पाणी भरा, बाजूच्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंत, मधल्या जाळीच्या वाटीत काठापर्यंत कॉफी पण न दाबता, आच मंद, झाकण उघडं. मधासारखी धार यायला लागली की लक्ष ठेवा, गुडगुड आवाज आला की लगेच उतरवा आणि बूड नळाखाली धरा, नाहीतर शेवटची वाफ सगळी कडू करते. दोन गोष्टी दुकानात सांगत नाहीत, ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही, आणि छोटा पॉट आपल्या गॅसच्या बर्नरवर नीट बसत नाही, डुगडुगतो, त्यासाठी वर ठेवायची छोटी जाळी घ्या.

पाण्याचं राहिलं. बोअरचं जड पाणी कॉफीचा वास दाबतं, आणि आरओचं पार रिकामं केलेलं पाणीही कॉफी बेचव करतं. आरओला टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) स्क्रू असतो, मेंटेनन्सवाला आला की १०० ते १५० च्या मधे ठेवायला सांगा, पिण्यालाही तेच बरं.

प्रवासात किंवा ऑफिसात एकट्यापुरती हवी असेल तर ड्रिप बॅग मिळतात, कागदी पुडी कपाच्या कडेला अडकवायची आणि वरून गरम पाणी ओतायचं, १० ग्रॅमच्या आसपास कॉफी असते. दळलेली असते म्हणून ताज्याची सर नाही, पण मशीन लागत नाही. भावाला मी सध्या एक स्टीलचा फिल्टर, पाव किलो कॉफी आणि ड्रिप बॅगचं एक पाकीट एवढंच घ्यायला सांगितलंय, महिनाभर करून बघ, तरी मशीन हवंसं वाटलं तर घे, मी परत अडवणार नाही.

आणि सासूबाईंच्या कॉफीचं विचारतात सगळे म्हणून तेही लिहिते. दूध पावणेदोनशे मिली मंद आचेवर थोडं आटू द्यायचं, साखर दुधातच, गॅस बंद केल्यावर किसणीवर जायफळ दोनदाच ओढायचं, दोनदाच, आधी इन्स्टंट होती तेव्हा आम्ही चांगलं चार-पाच वेळा ओढायचो कारण कॉफीला स्वतःचा वास फारसा नसायचा. वेलची नको, ती कॉफीवर चढते. मिनिटभर झाकून ठेवायचं आणि मग ४० मिली डिकॉक्शनवर वरून ओतायचं. जायफळ उकळत्या दुधात घातलं तर कडवट होतं. त्या ही कॉफी संध्याकाळी घेतात, सकाळी त्यांना चहाच लागतो, म्हणून दुपारी जेवणानंतर छोटा फिल्टर लावून ठेवते.